दुपारी ट्रिप होणारी मोटर

त्याला खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. लोक खिशाला पेन लावतात, हा वीज तपासायचा टेस्टर लावायचा, म्हणून धुलाई कारखान्यात त्याचं नावच टेस्टर पडलं. शहरातल्या चार दवाखान्यांच्या आणि सात-आठ हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल तिथं धुवायला येत. धुण्याची यंत्रं, पंप, इस्त्रीचे रूळ, वाफ बाहेर फेकणारे पंखे असं सगळं मिळून चाळीसेक मोटरी होत्या आणि त्या चाळीस मोटरींचा वैद्य म्हणजे मुख्य मिस्त्री टेस्टर. मोटरीच्या अंगावर हात ठेवून तो तिचा ताप सांगायचा. बेअरिंग वाजतंय की पट्टा घसरतोय हे दारातूनच ऐकून सांगायचा, आणि दहातल्या नऊ वेळा ते खरं निघायचं. दहाव्या वेळेबद्दल तो फारसं बोलत नसे. ही गोष्ट त्या दहाव्या वेळेची.

कारखान्यातल्या सगळ्यात मोठ्या यंत्राला ढोल म्हणत. एका दमात साठ किलो कपडे खाणारा, पोटात गरगर फिरवणारा लोखंडी ढोल. एकोणीस वर्षं दुपारच्या पाळीत तो एकाच बाईच्या हाताखाली होता. तिला सगळे ढोलमावशी म्हणायचे. अंगानं किरकोळ, आवाजानं खणखणीत, आणि कामाला वाघ. शेजारी वजनाचा काटा होता, पण मावशीला तो लागत नसे. चादरींचा गठ्ठा ती दोन्ही हातांवर घ्यायची, जरासा वरखाली करायची आणि म्हणायची, 'एक काढा' किंवा 'अजून दोन बसतील.' कुणी नवखा आला की तिची परीक्षा घ्यायला गठ्ठा काट्यावर ठेवायचा आणि मग निमूट कामाला लागायचा.

त्या वर्षी ढोलाची मोटर ट्रिप होऊ लागली. मोटरीनं झेपेल त्याहून जास्त करंट ओढला की स्टार्टरमधला रिले नावाचा छोटासा राखणदार तापतो आणि मोटर जळायच्या आत तिचा पुरवठा तोडतो. याला ट्रिप होणं म्हणतात. मग थोडं थांबायचं, बटण दाबून रिले परत बसवायचा आणि यंत्र चालू करायचं. कधीमधी असं व्हायचंच. पण आता हे रोजचं झालं, तेही फक्त दुपारी. सकाळच्या पाळीला काडी नावाचा ऑपरेटर असायचा. नावाप्रमाणेच काडीसारखा, पण जीभ मात्र चांगली जाडजूड. त्याच्या पाळीत सगळं सुरळीत. मावशीची पाळी लागून दीड-दोन तास झाले की ढोल अर्ध्या धुण्यात धाडकन थांबायचा. आत साबणाचं पाणी, बाहेर गाड्यांची रांग, आणि दवाखान्यांचे फोनावर फोन.

टेस्टरनं शहाण्या माणसाप्रमाणे क्रमानं सगळं तपासलं. मोटरीच्या पाटीवर चौदा अँपिअर लिहिलेले होते, रिलेचं सेटिंगही तेवढंच होतं. तिन्ही फेजचं व्होल्टेज पाहिलं, सारखं होतं. मोटर हातानं फिरवून पाहिली, लोण्यासारखी फिरली. पट्ट्याचा ताण पाहिला, वाइंडिंगचं इन्सुलेशन मोजलं. मग एका दुपारी पॅनलचं, म्हणजे स्टार्टर आणि रिले असलेल्या पेटीचं, दार सताड उघडं टाकून, भरल्या ढोलावर एकेका वायरीभोवती मीटरचा चिमटा लावून करंट मोजला. साडेबारा, साडेबारा, जेमतेम तेरा. तो चार वाजेपर्यंत तिथंच उभा राहिला, मोटर एकदाही थांबली नाही. दुसऱ्या दिवशी तो नव्हता, तर पावणेतीनला ट्रिप.

सुपरवायझरला वाटलं, बाई कपडे जास्त कोंबतेय, लवकर उरकून घरी पळायला. मावशी म्हणाली, वजन करून बघा. दोन दिवस तो स्वतः काट्याशी उभा राहिला. प्रत्येक गठ्ठा मोजून आत गेला आणि दोन्ही दिवस ढोल गुणी बाळासारखा चालला. मोजायला वेळ लागायचा, त्यामुळे दोन धुण्यांच्या मध्ये यंत्र पंधरा-वीस मिनिटं थंड पडायचं, ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. सुपरवायझर एवढंच म्हणाला की डोळ्यांसमोर नीट चालतं आणि पाठ फिरली की बिघडतं, मग दोष कुणाचा ते लहान पोरही सांगेल. तिसऱ्या दिवशी तो तिथून हलला आणि मोटर परत ट्रिप झाली.

संध्याकाळी त्यानं दुरुस्तीचं रजिस्टर टेस्टरपुढे सरकवलं. टेस्टर क्षणभर घुटमळला. मावशीचा हात त्यालाही माहीत होता. पण मीटर खोटं बोलत नाही, आणि मीटर म्हणत होतं की मोटर धडधाकट आहे. शिवाय आपल्याला कारण सापडत नाही असं लिहायची त्याला सवय नव्हती. त्यानं लिहिलं, 'मोटर, रिले व पॅनल ठीक. ऑपरेटरकडून जास्त भरणा.' खाली सही केली.

पुढच्या सोमवारी मावशीला ढोलावरून काढून मळक्या कपड्यांच्या निवडणीला बसवलं. दवाखान्यातून आलेल्या चादरी तिथं हातमोजे घालून वेगळ्या करायच्या, रक्ताच्या एकीकडे, औषधाच्या डागांच्या दुसरीकडे. तिथं नवीन लागलेल्या बायका असत, नाहीतर शिक्षा झालेल्या. मावशीनं भांडण केलं नाही. जाताना सुपरवायझरला एवढंच म्हणाली, "माझ्या हातून एक चादर जास्त गेली नाही. तुम्हाला पटत नसेल तर राहू द्या." काडीला दुपारच्या पाळीत आणलं, आणि सकाळी दुसरा कुणीतरी आला.

पहिला आठवडा कपडे कमी आले, ढोल थांबत थांबत चालला आणि एकदाही ट्रिप झाला नाही. आठवा दिवस. सुपरवायझर सुट्टीवर होता. दुपारी काडी घाम पुसत टेस्टरच्या खोलीत आला. त्याचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता. ढोल ट्रिप झाला होता. काडी शपथेवर सांगत होता की कपडे पन्नास किलोच्या वर नव्हते, आणि विनवत होता की सुपरवायझरच्या कानावर घालू नका, नाहीतर मलाही निवडणीला बसवतील.

टेस्टरनं पॅनल उघडलं. दार बंद ठेवून यंत्र सलग चाललेलं असताना, ट्रिप झाल्या झाल्या त्यानं ते पहिल्यांदाच उघडलं होतं. आतून करपल्याचा वास आला. रिलेतून मोटरीकडे जाणाऱ्या तीन वायरी होत्या. पहिल्या दोन स्वच्छ. तिसरीचं आवरण टोकाशी तपकिरी पडलेलं, स्क्रू निळसर झालेला. वीज बंद करून त्यानं स्क्रूड्रायव्हर लावला. स्क्रू फिरला, आणखी फिरला, पावणेदोन वेढे फिरला.

करंट चोखच होता. ढिल्या जोडावर वायर तापत होती, ती ऊब रिलेच्या पोटात जात होती, आणि बिचारा रिले समजत होता की मोटरच जास्त ओढतेय. सकाळी सगळं गार असायचं, दुपारपर्यंत तापत जायचं. त्यानं चिमटा लावायला दार उघडं ठेवलं तेव्हा वारा लागून ती जागा ट्रिप होण्याइतकी तापली नव्हती. मोजायचं सोडून त्या जागेजवळ नुसता हात नेला असता तरी कळलं असतं.

आणि तो स्क्रू कुणी ढिला ठेवला, हेही त्याला विचारायची गरज नव्हती. ट्रिप सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात जुन्या रिलेचं बटण तुटलं म्हणून त्यानंच नवा बसवला होता. दोन स्क्रू आवळले, तिसरा बोटानं लावला, इतक्यात कपड्यांच्या लिफ्टमध्ये माणूस अडकल्याची ओरड झाली म्हणून धावला. तासाभरानं येऊन दार लावलं आणि रजिस्टरात लिहिलं, 'सर्व कनेक्शन घट्ट केली.' काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्यातली गत. फरक एवढाच की वळसा दुसऱ्याच्याच पायांना पडला होता.

त्यानं करपलेलं टोक कापलं, वायर सोलून टोकाला नवी लग, म्हणजे तांब्याची टोपी, बसवली, तिन्ही स्क्रू कचकचून आवळले. काडीनं विचारलं, काय झालं होतं. तोंडातून शब्द निघून गेले, "काही नाही. रिसेट केलंय." कापलेला तुकडा त्यानं खिशात टाकला आणि घरी जाताना नाल्यात फेकला.

त्या दिवसानंतर ढोल एकदाही ट्रिप झाला नाही. टेस्टरच्या गळ्याला फास बसला तो इथंच. दुरुस्ती केली नसती तर महिनाभरात काडीवर, मग आणखी कुणावर आळ येता येता शेवटी मावशी निर्दोष ठरली असती. दुरुस्ती गुपचूप केली आणि मावशीवर शिक्का बसला. महिन्याच्या बैठकीत सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला, "माणूस बदलला, मशीन सुधारलं. टेस्टरनं रोग बरोबर ओळखला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशी मागच्या रांगेत होती. टेस्टर हातातल्या चहाच्या कपाकडे बघत राहिला. साय धरेपर्यंत त्यानं तो प्यायला नाही.

असे आठ महिने गेले. सांगायचं त्याच्या मनात नव्हतं असं नाही. रोज सकाळी तो ठरवून निघायचा आणि फाटकापर्यंत येता येता त्याचं अवसान गळायचं. आता एवढे दिवस झाले, मग एवढे आठवडे झाले, मग कुठल्या तोंडानं सांगायचं. निवडणीच्या शेडवरून जायला लागू नये म्हणून तो बॉयलरच्या मागून वळसा घालून जाऊ लागला. प्रत्येक पॅनलचे स्क्रू दोन-दोनदा आवळू लागला, इतके की एकदा एका स्क्रूचे आटे गेले. घरी बायकोनं बंद पडलेला मिक्सर पुढे ठेवला, तर म्हणाला, दुसऱ्याकडून करून घे. बायको त्याच्याकडे बघतच राहिली. चाळीस मोटरी सांभाळणारा नवरा एका मिक्सरला भितोय, हे तिच्या गणितात बसेना.

एकदा निवडणीतला पंखा बंद पडला, आणि ते कानावर पडताच, कुणी बोलवायच्या आत तो नवा कपॅसिटर घेऊन हजर झाला. हेच आपलं प्रायश्चित्त, असं काहीतरी मनाशी होतं. पंखा सुरू झाल्यावर मावशीनं हातमोजे काढले, हात धुतले आणि आपल्या थर्मासमधला चहा त्याला ओतून दिला.

"तुम्हीच एक आहात मिस्त्री, न बोलावता इथं धावून येणारे," ती म्हणाली.

टेस्टरनं खाली बघत चहा संपवला. मावशी बोलत होती. आधी राग आला होता म्हणाली, मग वाटू लागलं की सगळं जग कसं खोटं असेल? मशीन मी होते तोवर बिघडायचं, मी गेले आणि सुधारलं. म्हणजे माझ्याच हाताचा अंदाज गेला असणार. ती आता घरी पीठही वाटीनं मोजून घ्यायची. मुलीनं डॉक्टरकडे नेलं होतं, त्यांनी हाताच्या शिरा तपासून काही नाही म्हणून सांगितलं होतं, पण मावशीला ते पटलं नव्हतं. धाकट्या मुलीला बाळ झालं होतं, पाच महिन्यांचं.

"त्याला मी बसूनच घेते मांडीवर," मावशी म्हणाली. "उभ्यानं उचलत नाही. हाताचा भरवसा नाही आता."

टेस्टर उठला. घाई आहे म्हणाला. बॉयलरच्या मागे जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. मावशीची ढोलावरची जागा गेली एवढंच तो आजवर मोजत होता. बाईच्या हातावरचा तिचा स्वतःचाच विश्वास आपण काढून नेला, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

संध्याकाळी त्यानं बायकोला सगळं सांगितलं, लिफ्टपासून नाल्यापर्यंत. ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. सगळं संपल्यावर त्याला वाटलं, आता ही म्हणेल की होतं असं कधीकधी, मनाला लावून घेऊ नका.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "मी का तिच्या जागी बसलेय?" आणि परत भाजी निवडू लागली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो शेडमध्ये गेला. मावशी गठ्ठ्यावर बसून डबा खात होती. इतर बायका नळावर गेल्या होत्या. त्यानं उभ्याउभ्याच सांगितलं. काही गाळलं नाही. टाळ्यांचंही सांगितलं.

मावशीनं डब्याचं झाकण लावलं.

"कधी कळलं तुम्हाला?"

"तुम्हाला इथं आणल्यावर आठव्या दिवशी."

तिनं आपले हात पाहिले, पालथे करून, उताणे करून. मग म्हणाली, "स्क्रू ढिला राहिला, त्याचं मला काही नाही. माणसाचा हात आहे, राहतो. पण काल तुम्ही माझा चहा प्यायलात."

त्यानं माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनं हातानंच थांबवलं. "मला सांगितलंत, झालं. आता जिथं लिहिलंत तिथं लिहा. आणि टाळ्या जिथं वाजल्या तिथं सांगा."

तो सरळ रजिस्टर असलेल्या खोलीत गेला. आठ महिन्यांपूर्वीचं पान काढलं आणि आपल्या जुन्या नोंदीखाली, जागा कमी होती म्हणून बारीक अक्षरात लिहिलं: वरील नोंद चूक. दोष रिलेच्या तिसऱ्या जोडात होता. तो मी ढिला सोडला होता आणि कळल्यावर लपवला. ऑपरेटरचा काही दोष नाही. सही, तारीख.

सुपरवायझरनं ते वाचलं तेव्हा त्याच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. झाल्या गोष्टी उकरून काढायची काय गरज होती, असं तो म्हणाला. बाईला आपण हळूच ढोलावर परत घेऊ, कुणाला कारण सांगायची गरज नाही, पान फाडून टाकू. त्याचं म्हणणं वेड्याचं नव्हतं. टेस्टरची नोकरी वाचत होती, सुपरवायझरची अब्रू झाकली जात होती आणि मावशीला ढोल मिळत होता. जो आयुष्यात वरिष्ठाला कधी नाही म्हणाला नव्हता, तो टेस्टर रजिस्टर छातीशी धरून उभा राहिला. म्हणाला, पान फाडलं तर मी दुसऱ्या पानावर लिहीन. झालं, दोघांची तिथंच फाटली, ती पुढे कधी जुळली नाही.

बैठक शुक्रवारी होती. मॅनेजरसमोर, पन्नास-साठ माणसांसमोर टेस्टर उभा राहिला. चार वाक्यं पाठ केली होती, त्यातली दोनच आठवली, पण तेवढी पुरली. काडीनं मान खाली घातली. त्यालाही त्या दुपारची ट्रिप आठवत होती आणि त्यानंही तोंड मिटून ठेवलं होतं. मॅनेजरनं टेस्टरला लेखी ताकीद दिली आणि मुख्य मिस्त्रीची जागा काढून घेतली. ढिल्या स्क्रूसाठी दिली असती तर हलकी दिली असती, लपवल्याबद्दल देतोय, असंही स्पष्ट सांगितलं. टेस्टरला त्यात काही गैर वाटलं नाही. उलट शिक्षा मिळाली की छातीवरचा दगड उतरेल अशी त्याची कल्पना होती. दगड जरा सरकला, एवढंच.

मावशी ढोलावर परत आली. पहिल्या दिवशी बायका बघायला जमल्या. तिनं गठ्ठा हातांवर घेतला आणि तशीच थांबली. मग काट्यावर ठेवला. दुसरा गठ्ठाही काट्यावर. दीड-दोन आठवडे ती प्रत्येक गठ्ठा मोजत होती, आणि पॅनलच्या तपासणीसाठी आलेला टेस्टर हातातलं काम विसरून ते बघत होता. एकदा न राहवून तो म्हणाला, मावशी, काटा कशाला? ती म्हणाली, "तुमच्या चार वाक्यांनी काटा सुटत नाही. सुटेल तेव्हा सुटेल." पुढे कधीतरी सुटलाही. नेमका कोणत्या दिवशी, ते त्यानं पाहिलं नाही. एका दुपारी ढोलाजवळून जाताना त्याला 'एक काढा' ऐकू आलं आणि काट्यावर कुणाचा तरी डबा ठेवलेला दिसला.

त्यांचं बोलणं कामापुरतं उरलं. मावशी कधी टोचून बोलली नाही, आणि चहाही पुन्हा कधी विचारला नाही. टेस्टरनं अपेक्षा ठेवली नाही. बाळ चालायला लागलंय, हे त्याला दुसऱ्या बायकांकडून कळलं. त्याला उचलून घेऊन मावशी बाजारात दिसली होती का, असं विचारायचं त्याच्या ओठांवर येऊन परत गेलं.

त्यानंतर दीड वर्षानं मावशी निवृत्त झाली. तिच्या जागी एक तरुण बाई आली. तिला शिकवायचा शेवटचा दिवस होता, आणि टेस्टर योगायोगानं पॅनलजवळच पंपाची वायर ओढत होता. मावशीनं त्या बाईला बटणं दाखवली, झाकण दाखवलं, पाण्याची पातळी दाखवली. मग पॅनलपाशी आली.

"मोटर ट्रिप झाली तर या मिस्त्रींना बोलवायचं," ती म्हणाली. "काम चांगलं करतात. पण ते दार उघडून सगळे जोड बघेपर्यंत तू इथंच उभं राहायचं. कपडे भरायची घाई असली तरी हलायचं नाही."

त्या बाईनं संकोचून टेस्टरकडे पाहिलं. त्याला राग येईल असं तिला वाटलं असावं.

"त्या सांगतात तसंच कर," टेस्टर म्हणाला, आणि वायर ओढायला पुन्हा खाली वाकला.